बत्तिसावा हात

१

गुरुवारचे शेवटचे दोन तास चित्रकलेचे. शाहिनाझच्या मते ते दोन तास म्हणजे आठवडाभराचा केर एका खोलीत लोटायची सरकारी सोय होती.

खोली शाळेच्या वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून. पूर्वी तिथे शिवणयंत्रं होती. ती कुणीतरी उचलून नेली आणि मागच्या भिंतीतलं खोल कपाट तेवढं उरलं. त्यात मुलींचे प्रकल्प ठेवत. आइस्क्रीमच्या काड्यांची घरं, अंड्याच्या टरफलांचे मोर, कापसाची एक मेंढी. मेंढीला पाय तीन, चौथा इन्शाअल्लाह पुढच्या गुरुवारी.

शिकवायला इन्साफबाई. मुली त्यांना रिवाजाप्रमाणे 'अब्ला', म्हणजे ताई, म्हणत. मराठी कानाला तो शब्द भलताच लागतो, पण या बाईंमध्ये अबला म्हणण्यासारखं काही नव्हतं. समोर चहाचा पेला, मांडीवर लोकर, आणि दर दहा मिनिटांनी एक गर्जना, "हात चालवा गं, तोंडं नकोत!" कलाशिक्षण म्हणजे एवढंच.

शाहिनाझ सोळा वर्षांची, उस्ता मुतवल्लीची एकुलती मुलगी. उस्ता म्हणजे उस्ताद कारागीर. नाईलकाठचं दुम्यात हे सुतारांचं गाव, आणि त्यातही मुतवल्लीची नक्षी खुर्चीच्या पाठीवर दिसली की गिऱ्हाईक लाकडाची चौकशी करत नसे. हा माणूस कुणाची स्तुती करत नसे. 'बरं आहे' हे शब्द त्याने आयुष्यात दोनदा उच्चारले असतील, तेही हवेबद्दल. मुलीने बापाची नजर घेतली होती, आणि नजरेबरोबर खालचा ओठ वाकडा करायची खोडही.

ऑक्टोबरात इन्साफबाईंनी नाईलची माती आणवली आणि प्रत्येकीने स्वतःचा डावा हात घडवायचा असं फर्मान काढलं. एकतीस मुली, एकतीस हात. शाहिनाझचा सोडला तर बाकीचे हात नव्हते, हातमोज्यात भरलेले बटाटे होते. ते वाळायला कपाटात गेले.

पुढच्या गुरुवारी बाहेर काढले तेव्हा हात बत्तीस भरले.

जास्तीचा हात कुठला हे विचारायची गरज नव्हती. शाहिनाझने तो दोन बोटांत धरून वर उचलला. "हे कुणाचं गं रत्न? अंगठा करंगळीच्या पलीकडे! बाईने हात कधी पाहिलेलाच नसावा, कुणाकडून तरी ऐकून केलाय."

वर्ग खिदळला.

"इनायात, तुझा ना?"

इनायात वर्गाची मॉनिटर. जाड चष्मा, बसायला कपाटाला खेटून शेवटचा बाक, आणि कपाटाची किल्ली गळ्यात. "माझा तो तिसरा," ती म्हणाली. "हा कुणाचाच नाही."

"कुणाचाच नाही म्हणजे? मातीला डोहाळे लागले?"

"शाहिनाझ," इन्साफबाईंनी सुईवरची नजर न हलवता विचारलं, "जास्त आहे ना? कमी तर नाही? मग गप्प बस."

शाहिनाझने तो हात कचऱ्याच्या बादलीत सोडला. फुटल्याचा आवाज यायला हवा होता, आठवडाभरात बाकीचे सगळे विटेसारखे कडक झाले होते. हा मात्र बादलीच्या तळाशी मऊ बसला, झोपलेल्या जनावरासारखा. तिने वाकून पाहिलं. ओल्या मातीवर तिची स्वतःची दोन बोटं उमटली होती. बाकी कुठेही बोटाची एक रेघ नव्हती.

ओल्या फडक्याने पुसला असेल, तिने मनाशी म्हटलं. नेभळट लोकांना फडकी फार लागतात.

२

नोव्हेंबरात मुखवटे आले. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, पिठाची खळ, आणि खोलीभर आंबूस वास. शाहिनाझने एका म्हातारीचा मुखवटा केला. डाव्या भुवईवर तो तडकला तेव्हा तिने आतून कागदाचा चौकोनी तुकडा लावला, वरून रंग फासला आणि कुणाला कळू दिलं नाही. बापाचं तत्त्वच होतं, चूक करणारा लाकूडतोड्या, चूक लपवणारा कारागीर.

पुढच्या गुरुवारी मुखवटे बत्तीस.

या खेपेला हसण्यासारखं काही नव्हतं. बत्तिसावी म्हातारी तिच्याच म्हातारीची बहीण होती. गालाचे खड्डे जरा उथळ, ओठ जरा जाड, पण वर्गातल्या बाकी तीस जणींनी जन्मभर कागद कालवले असते तरी हे जमलं नसतं. शाहिनाझने मुखवटा उलटा केला. आत, डाव्या भुवईमागे, कागदाचा चौकोनी तुकडा होता. खाली तडा नसतानाही.

तिला भीती वाटली नाही, चीड आली. मधल्या सुट्टीत तिने इनायातला जिन्यात गाठलं.

"किल्ली तुझ्याकडे असते. माझं काम काढून बघतेस आणि नक्कल करतेस. भिकारडी!"

"मी?" इनायातने पाव आणि चीज कागदात परत गुंडाळलं. "बाई गं, माझा मुखवटा बघितलास ना? तो माझ्या आईलाही बघवत नाही."

"मग कोण?"

इनायातने चष्मा पुसला. "मी कपाटाला लागून बसते. दर गुरुवारी, दोन्ही तास. आत काही वाजत नाही, उंदीर नाही, काही नाही. फक्त तू बोलायला लागलीस की लाकूड जरा करकरतं. कुणी पुढे सरकून ऐकावं तसं."

"लाकूड करकरतंच. माझा बाप सुतार आहे, मला सांगू नकोस."

"नाही सांगत. फक्त त्याला हसत जाऊ नकोस. ते शिकतंय."

शाहिनाझने ओठ वाकडा केला. मूर्खांना कोडी घालायची हौस असते, आणि दोन तास मूर्खांत काढणाऱ्याने त्यांची उत्तरं शोधायची नसतात. एवढं ठरवून ती जिना उतरली. पण त्या दिवसापासून आपण वर्गात हळू आवाजात बोलतो, हे तिच्या ध्यानात उशिरा आलं.

३

जानेवारीत प्रांताच्या स्पर्धेचं पत्रक आलं. विषय 'माझा वर्ग', पेन्सिलीचं चित्र, प्रत्येक शाळेने सगळ्या मुलींची चित्रं पाठवायची.

इतर मुलींना त्याचं काही नव्हतं. शाहिनाझचं सगळं त्यावर होतं. तिला कैरोच्या कलामहाविद्यालयात जायचं होतं. बापाने एकदाच उत्तर दिलं होतं, छिन्नी खाली न ठेवता. "प्रांताचं बक्षीस आण, मग बोलू. नाही आणलंस तर फतहीशी निकाह. घरातलं चित्र म्हणून तो पुरे." फतही हा तिचा आतेभाऊ. वॉर्निशचं दुकान, बोटं पिवळी आणि विनोदही पिवळेच.

तिने तीन गुरुवार खपून चित्र काढलं. फळा, खिडकी, बाईंची लोकर, सगळं जागच्या जागी. चांगलं होतं. ते फक्त चांगलंच आहे, हे तिला स्वतःला ठाऊक होतं, आणि तो विचार दातात अडकलेल्या तंतूसारखा छळत होता.

शनिवारी सकाळी इन्साफबाईंनी तिच्या हातात किल्ली ठेवली. "वर जा, सगळी चित्रं आण. आणि नाकं मुरडत बसू नकोस, टपाल निघायचंय."

कपाटात चित्रांचा गठ्ठा होता. तिने मोजला नाही. मोजावं लागलंच नाही, कारण ते सगळ्यात वर होतं.

चित्र वर्गाच्या मागून काढलेलं होतं. एकतीस पाठी, पांढऱ्या रुमालांत बांधलेली एकतीस डोकी, आणि चेहरा न दिसताही प्रत्येक मुलगी ओळखू येत होती. ही पोट दुखतंय म्हणून वाकलेली, ती शेजारणीच्या कानाशी लागलेली. फक्त एकीने मान वळवून मागे पाहिलं होतं. ती शाहिनाझ होती. खालचा ओठ किंचित वाकडा. आपली तुच्छता बाहेरून कशी दिसते ते तिने कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यात कुणी थुंकावं तशी ती दिसत होती.

खाली नाव नव्हतं.

तिने दाराकडे पाहिलं. मग स्वतःचं चित्र काढून चार वेळा फाडलं, तुकडे दप्तरात कोंबले आणि त्या दुसऱ्या कागदाच्या कोपऱ्यात सुबक अक्षरात लिहिलं. शाहिनाझ मुतवल्ली, दुसरं वर्ष, तुकडी तीन.

"नको लिहूस," मागून इनायात म्हणाली. किल्लीचं काय झालं ते बघायला ती वर आली होती. तिचा चेहरा खडूसारखा झाला होता. "खोड ते. त्याने नाव घातलं नव्हतं, कारण त्याला नव्हतंच."

"चहाड्या करायच्या तर जा, कर."

"मी कशाला करू? आता दिलंस ना तू नाव." ती दाराबाहेर सरकली. "तुझंच दिलंस."

४

मार्चात पहिलं बक्षीस आलं. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का होता, सोबत कैरोच्या महाविद्यालयासाठी शिफारसपत्र. मुख्याध्यापिकेने साऱ्या शाळेला जिलबीसारखं मशब्बक वाटलं, आणि पाकाने चिकट झालेल्या हातांनी सगळ्यांनी सगळ्यांच्या पाठीवर थापा मारल्या. उस्ता मुतवल्लीने प्रमाणपत्र उजेडात धरून पाहिलं. "चौकट हलक्या लाकडाची आहे," तो म्हणाला. पण तो जा म्हणाला.

मूळ चित्र चित्रकलेच्या खोलीत टांगलं गेलं. एके गुरुवारी प्रांताचे तपासनीस ते पाहायला आले. जाडजूड गृहस्थ, विझलेली सिगारेट बोटात तशीच.

"वा वा. पण मुली, तू बसली होतीस कुठे?"

"मागे, साहेब."

"मागे तर भिंत आहे." ते हसले. "आणि ही दोन्ही कडांना उभी काळी पट्टी कशाला?"

"शोभेसाठी, साहेब," इन्साफबाईंनी घाईने सांगितलं. "चहा थंड होतोय खाली."

बाई साहेबांना घेऊन गेल्या आणि सगळा वर्ग त्यांना निरोपाचं गाणं म्हणायला अंगणात गेला. शाहिनाझ मागे राहिली. अंगणातून बेसूर सुरुवात ऐकू आली. ती चित्रासमोर उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिने ते बापाच्या नजरेने तपासलं.

बाकांच्या कडा पाहिल्या. बघणाऱ्याचा डोळा बाकाच्या पृष्ठभागाहून जेमतेम वीतभर वर होता. उभा माणूस नव्हे, खुर्चीवर बसलेलाही नव्हे. आणि काळ्या पट्ट्या शोभेच्या नव्हत्या. डावीकडच्या पट्टीत एक बारीक खाच होती. तिने मागे वळून पाहिलं. कपाटाच्या उजव्या दाराला, म्हणजे आतून पाहणाऱ्याच्या डावीकडे, तशीच खाच होती, कुणी कधीतरी कुलूप तोडलं होतं तेव्हाची.

कपाटाचं दार अर्धवट उघडं ठेवून, दुसऱ्या फळीवरून कुणीतरी पाहिलं होतं.

५

शाहिनाझ भित्री नव्हती. भित्र्या माणसांविषयी तिची मतं ठाम होती. शिवाय दुपारचा एक वाजला होता आणि खिडक्यांतून नको इतकं ऊन येत होतं. खात्री करायला दोन मिनिटं लागणार होती. कुणी बारकं पोर तिथे बसलं असेल, शिपायाचं वगैरे, एवढं ठरलं की प्रश्न मिटला.

तिने दुसऱ्या फळीवरचे मुखवटे जमिनीवर काढून ठेवले. फळ्यांमधली जागा दीड वीत. पोर सोडाच, मांजरही नीट बसलं नसतं. ती गुडघ्यांवर बसली, डोकं आडवं करून आत घातलं, आणि मान कशीबशी वळवून बाहेर पाहिलं. नाकात मातीचा गार वास गेला. दारं तिने दोन्ही बाजूंनी ओढून घेतली, चित्रातल्या पट्टीइतकी.

दिसलं ते चित्रच होतं. तसूभरही फरक नव्हता. फक्त बाकं रिकामी.

मग तिला प्रश्न पडला, आणि तो तिने आधी विचारायला हवा होता. चित्रात आपण मागे वळून पाहत होतो. केव्हा? आपण तर कधी वळलोच नव्हतो. ह्या भिकार वर्गाकडे मागे वळून पाहावं असं त्यात होतं तरी काय?

खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर, तिच्या जागेवर, कुणीतरी बसलेलं होतं.

आत यायचा आवाज झाला नव्हता. पांढरा रुमाल, डाव्या कानामागे टाचणी, ती लावते तशीच. उन्हाने डोळे दिपलेत, मान अवघडलीय, असं तिचं मन भराभर सांगत राहिलं. अंगणातलं गाणं दुसऱ्या कडव्याला आलं होतं.

बाकावरचं डोकं वळू लागलं. खांदे नाही वळले, नुसतं डोकं. आधी ते जरा जास्तच वर गेलं, थांबलं, खाली आलं, आणि पुन्हा नीट प्रयत्न केल्यासारखं बाजूला फिरलं. गालाची कड दिसली. मग तोंडाचा कोपरा. खालचा ओठ हळूहळू वाकडा व्हायला लागला, किती वाकवायचा याचा अंदाज घेत घेत.

तिने डोळे गच्च मिटले. बाक सरकल्याचा आवाज आला. पावलं आली नाहीत.

डोळे उघडले तेव्हा गाणं संपलं होतं आणि बाकावर ऊन होतं.

६

त्याच दुपारी तिने इन्साफबाईंना खरं सांगितलं. चित्र माझं नाही, मी फक्त नाव घातलं, बक्षीस परत करा.

बाईंनी टाके मोजून पुरे केले. "त्यावर प्रांताचा शिक्का आहे. म्हणजे प्रांताला कळत नाही आणि तुला कळतं, असं का?"

"अब्ला, कपाटात—"

"कपाटात कचरा आहे, हे तूच वर्षभर मला ऐकवतेस. आता कचऱ्याला घाबरतेस? चल, नीघ. कौतुक पचत नाही त्याने मिळवू नये."

शाहिनाझ त्यानंतर वरच्या मजल्यावर गेली नाही. दर गुरुवारी शेवटचे दोन तास ती तळमजल्यावर शाळेतल्या आयाबाईच्या खोलीत डोकेदुखीचं निमित्त सांगून पडून राही. वरून बाकं सरकल्याचे आवाज येत, मध्येच हसण्याचा लोट येई. सहा गुरुवार गेले. गैरहजेरीबद्दल तिला कुणीच हटकलं नाही. आधी तिला तो बाईंचा निष्काळजीपणा वाटला. अशी बाई हजेरी तरी काय घेणार?

एका शनिवारी इनायात आपणहून तिच्याजवळ आली, हसत. "गुरुवारी माझं बोट कापलं तेव्हा तू रुमाल बांधलास ना, म्हटलं तो धुऊन—" ती थबकली. चष्म्यातून तिने शाहिनाझच्या तोंडाकडे, ओठाकडे नीट पाहिलं. हातातला रुमाल तिने खिशात परत ठेवला.

"तू होय," ती म्हणाली, आणि भिंतीला घासून निघून गेली. तिच्या आवाजात भीती नव्हती. कीव होती. आजवर शाहिनाझची कीव कुणी केली नव्हती.

७

मेच्या दुसऱ्या गुरुवारी वार्षिक प्रदर्शन होतं. शाहिनाझला आदल्या दिवसापासून खराच ताप चढला होता. आई पोर्ट सैदला मावशीच्या बाळंतपणाला गेलेली. बाप सकाळीच कारखान्यात गेला, तेव्हा ती अंथरुणातच होती, आणि दिवसभर ती त्या अंथरुणातून दोनदाच उठली, पाणी प्यायला.

ऊन उतरता उतरता उस्ता मुतवल्ली घरी आला. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. ते त्याने मेजावर ठेवलं आणि लहान मूल उघडं करावं तसं फडकं बाजूला केलं.

मातीचं डोकं होतं. त्याचंच. टोपी, गालफडं, लाकडाच्या भुशाने बारीक झालेले डोळे. आणि डोकं हसत होतं.

"मी असा हसतो हे मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं लाकूड कोरतोय मी. हे मला जमलं नसतं. चांगलं आहे, पोरी. फार चांगलं आहे."

हेच शब्द ऐकायला ती पेन्सिल धरता आल्यापासून थांबली होती. ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"बघ की. स्वतःचंच काम बघायला तोंड का वाकडं?" तो जरा चिडलाच. "शाळेत भेटलीस तेव्हा किती गोड होतीस. घरी आलं की पुन्हा तेच थोबाड."

"बाबा," ती म्हणाली, "मी शाळेत काय बोलले?"

"आता हेही मीच सांगू? हाताला धरून सगळ्या पोरींची कामं दाखवलीस. एकीलाही नाव ठेवलं नाहीस. इन्साफबाई म्हणाल्या, वर्षाअखेरीस पोरगी सुधारली. मला वाटलं, माझी मुलगी मला आजच भेटतेय." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आणि निघताना काहीतरी वेड्यासारखं विचारलंस."

"काय?"

"म्हणालीस, बाबा, आता मी घरी आले तर चालेल ना? मी हसलो. म्हटलं, अगं वेडे, घर तुझंच आहे. परवानगी कसली मागतेस?"

"मग ती काय म्हणाली?"

'ती' हा शब्द त्याच्या ध्यानात आला नाही. "म्हणालीस, तुम्ही व्हा पुढे, मी आवरून येते."

शाहिनाझने जाऊन दाराला कडी घातली. कडी खाली बसेना. तिने दोन्ही हातांनी दाबून बसवली.

"उकाड्याने जीव चाललाय आणि कडी काय घालतेस?" उस्ता मुतवल्ली मातीच्या डोक्यावरून नजर न काढता म्हणाला. "उघड ती. उघडंच राहू दे."